एवढीशी गोळी काय करते?

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी विंचू पाहिलाय? पुस्तकातला नव्हे, पंचांगातला तर नव्हेच. खराखुरा, नांगी वर करून चालणारा! आमच्या वर्गात हा प्रश्न विचारला, की सगळेच हात वर होतात. माझी शाळा रायगड जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीवर आहे. जांभ्या दगडाचे गडगे, परसात रचलेलं सरपण, गोवऱ्यांची रास आणि भात झोडून झालं की पेंढ्याच्या उडव्या. विंचवाला आणखी काय हवं?

या वाडीवरच्या एका मुलाची ही गोष्ट. त्याचं खरं नाव सांगत नाही, आपण त्याला गणू म्हणू. चौथीतला. पाढे पाठ नसतात, पण प्रश्न विचारण्यात पहिला नंबर.

दिवाळीनंतरचे दिवस होते. तिन्हीसांजेला गुरांना घालायला पेंढा काढायचा म्हणून गणूनं उडवीत हात घातला आणि ओरडला. हात झटकला तर खाली लाल विंचू. काकांनी त्याला तिथल्या तिथे खेटरानं मारला आणि घरच्यांनी गणूला नेलं भगताकडे. भगतानं अंगारा लावला, मंत्र म्हटला. गणूचं बोटही फार दुखत नव्हतं. "उतरला विंचू," असं सगळे म्हणाले आणि घरी आले.

पण तासाभरात गणूला उलट्या सुरू झाल्या. त्याची आई धावत माझ्याकडे आली. "बाई, पोरगा घामानं न्हातोय, आणि हातपाय बघा कसे बर्फागत गार!"

मिनिडोर रिक्षा मिळाली आणि आम्ही आरोग्य केंद्रात पोचलो. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, छातीला नळी लावली आणि एक छोटी गोळी पाण्याबरोबर गिळायला लावली. गणूची आई बघतच राहिली. "डॉक्टर, सुई नाही मारत?" डॉक्टर म्हणाले, "वहिनी, आत्ता ही गोळीच महत्त्वाची. याला उठू देऊ नका, आडवाच राहू दे." रात्रभर दर अर्ध्या तासानं ते येऊन रक्तदाब मोजत होते आणि कागदावर लिहीत होते. पहाटे गणूचे तळहात गरम झाले. सकाळी त्यानं चहाबरोबर बटर मागितला, तेव्हा कुठे आम्हाला हसू आलं.

चार दिवसांनी स्वारी शाळेत हजर! आणि पहिलाच प्रश्न: "बाई, एवढीशी गोळी! तिनं विंचवाच्या विषाचं काय केलं हो?"

आता काय सांगणार? "उद्या सांगते," म्हणाले. (उत्तर येत नसलं की आम्ही शिक्षक हेच म्हणतो, हे तुम्हाला माहीत आहेच.) मग शनिवारी मुद्दाम डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते हसून म्हणाले, "बाई, ती विंचवाची गोळी नव्हेच मुळी. ती रक्तदाबाची गोळी!"

हे ऐकून मी जितकी चकित झाले, तितकेच तुम्हीही झाला असाल. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

सगळ्यात आधी एक दुरुस्ती. आपण "विंचू चावला" म्हणतो खरं, पण विंचू चावत नाही. तो शेपटीच्या टोकाला असलेली नांगी टोचतो आणि त्या नांगीतून विष आत सोडतो. आपल्याकडे मोठा काळा विंचू दिसला की माणसं जास्त घाबरतात. पण खरा धोक्याचा तो लहान लाल विंचू. शास्त्रज्ञ त्याला हॉटेनटोटा टॅम्युलस म्हणतात. जुन्या पुस्तकांत मेसोब्यूथस टॅम्युलस असं नाव सापडेल. लांबीला तुमच्या बोटाएवढा, पण भारतातल्या सर्वांत घातक विंचवांत त्याची गणना होते.

आता त्याचं विष काय करतं ते पाहू. समजा, कुत्रा तुमच्या मागे लागला. काय होतं? छाती धडधडते, घाम फुटतो, हातपाय गार पडतात. शरीरानं धोक्याची घंटा वाजवलेली असते! आपल्या मज्जातंतूंची टोकं आणि मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी अशा वेळी नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि अ‍ॅड्रेनलिन ही द्रव्यं रक्तात सोडतात. ती हृदयाला म्हणतात, जोरात चाल. कातडीतल्या रक्तवाहिन्यांना म्हणतात, आकसा. कुत्रा निघून गेला, की घंटा थांबते आणि सगळं पूर्ववत होतं.

मज्जातंतूंवर अगदी बारीक दारं असतात. त्यांतून सोडियमचे कण आत शिरले, की निरोप पुढे जातो. दार क्षणभर उघडतं आणि लगेच मिटतं. लाल विंचवाच्या विषातले काही पदार्थ या दारांना मिटूच देत नाहीत. म्हणजे शाळेच्या घंटेचा टोल शिपाईमामांच्या हातून सुटतच नाही, घंटा वाजतेय, वाजतेय, वाजतेच आहे! अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन यांचा नुसता पूर येतो.

आता एक प्रयोग करून बघा. सायकलचा हवा भरायचा पंप घ्या. तो मोकळा असताना दांडा खालीवर करा. सहज होतो ना? आता नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून धरा आणि पुन्हा मारा. दहा वेळा मारलात तरी दंड भरून येतील. विंचवाच्या विषानं गणूच्या शरीरात हेच झालं होतं. रक्तवाहिन्या आकसल्या होत्या, म्हणजे नळीचं तोंड दाबलेलं. आणि आपल्या मुठीएवढ्या हृदयाला त्या बंद तोंडावर जोर काढावा लागत होता, तोही नेहमीपेक्षा भराभर.

हृदय म्हणजे एक स्नायूच आहे. दंडासारखा. पण दंड दमला तर आपण पंप खाली ठेवतो, हृदयाला ती सोय नाही. दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके, सुट्टी नाही. अशा ताणाखाली आणि त्या द्रव्यांच्या माऱ्यानं हृदयाच्या स्नायूंच्या पेशी दुखावतात, काही मरतात. मग तिथे दाह सुरू होतो. दाह म्हणजे काय, हे गुडघा फुटल्यावर तुम्ही पाहिलंच असेल: लाल होतो, सुजतो, ठणकतो. हृदयाच्या स्नायूच्या दाहाला डॉक्टर मायोकार्डायटिस म्हणतात. एरवी हा आजार बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. पण विंचवाच्या विषामुळेही होतो, हे डॉक्टरांनी अनेक रुग्णांत पाहिलं आहे.

हृदय असं थकलं, की फुप्फुसांकडून येणारं रक्त त्याला पुढे ढकलता येत नाही. रक्त मागे साचतं आणि त्यातलं पाणी फुप्फुसांत झिरपतं. माणसाला धाप लागते, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. जमिनीवरच माणूस बुडतो म्हणा ना. लाल विंचवाचे रुग्ण दगावत, ते मुख्यतः असे.

लहान मुलांना तर धोका जास्तच. विष तेवढंच, पण शरीर लहान. आणि बोट दुखत नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. गणूचंच बघा! भयंकर दुखतंय पण बाकी काही नाही, असा रुग्ण पुष्कळदा सुखरूप असतो. घाम, उलट्या, गार हातपाय ही खरी धोक्याची खूण.

आता गोळीकडे येऊ. अ‍ॅड्रेनलिन रक्तवाहिनीला "आकस" कसं सांगतं? रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंवर छोटी छोटी कुलपं असतात असं समजा. अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन या त्यांच्या किल्ल्या. किल्ली बसली, की रक्तवाहिनी आकसते. ही कुलपं एकाच प्रकारची नाहीत, दोन प्रकारची असली पाहिजेत, असं रेमंड अहलक्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९४८ साली मांडलं. त्यानं त्यांना ग्रीक अक्षरांची नावं दिली, अल्फा आणि बीटा. गंमत म्हणजे त्याचा निबंध एका मासिकानं आधी साभार परत केला होता! दुसऱ्या मासिकानं छापला आणि पुढे त्यावरच कितीतरी औषधं उभी राहिली.

रक्तवाहिन्या आकसवणारी कुलपं ती अल्फा. मागे एकदा आमच्या वर्गातल्या कुणीतरी शाळेच्या कुलपात आगकाडी मोडून ठेवली होती. (कोणी, ते मला ठाऊक आहे, पण सांगत नाही.) किल्ली माझ्या हातात होती, पण आत जाईना. अल्फा-रोधक औषध हेच करतं. ते कुलपात जाऊन बसतं. किल्ल्या कितीही असल्या, तरी कुलूप फिरत नाही. रक्तवाहिन्या सैल पडतात, पंपाच्या तोंडावरचा अंगठा निघतो आणि हृदयाला हायसं वाटतं. गणूला दिलेली गोळी प्राझोसिनची होती. ती निघाली उच्च रक्तदाबाच्या मोठ्या माणसांसाठी. विंचवाचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

मग हा संबंध जोडला कोणी? तर आपल्याच महाडच्या एका डॉक्टरांनी. डॉ. हिंमतराव बावस्कर हे त्यांचं नाव. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. घरची गरिबी, मिळेल ते काम करत शिकले. १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते डॉक्टर म्हणून रुजू झाले. विंचवाचे रुग्ण यायचे आणि धडधाकट माणसं डोळ्यांदेखत जायची. पुस्तकांत उपाय नीट दिलेला नव्हता.

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? नशिबाला बोल लावला असता. बावस्करांनी वही उघडली. रुग्णाच्या खाटेशी रात्र-रात्र बसायचं आणि नाडी किती, रक्तदाब किती, घाम कधी फुटला, धाप कधी लागली, हे सगळं लिहायचं. मोठी प्रयोगशाळा नाही, महागडी यंत्रं नाहीत. त्या नोंदींतून त्यांना क्रम दिसू लागला. आधी घाम, उलट्या आणि गार हातपाय, रक्तदाब चढलेला, आणि मग काही तासांनी फुप्फुसांत पाणी. म्हणजे मूळ दुखणं फुप्फुसाचं नव्हे, हृदयावर आलेल्या ओझ्याचं! त्यांच्या या नोंदी १९८२ साली लंडनहून निघणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आल्या. हे साप्ताहिक १८२३ पासून चालू आहे. त्यात खेड्यातल्या डॉक्टराचं लिखाण येणं ही साधी गोष्ट नाही, बरं का!

पुढे ते पुण्याला जाऊन एम.डी. झाले आणि पुन्हा याच भागात परतले. मला सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं.

ओझं उतरवायचं तर रक्तवाहिन्या सैल करायला हव्यात. आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध वापरलं. ते थेंब-थेंब शिरेतून द्यावं लागतं, उजेडानं खराब होतं म्हणून बाटली झाकून ठेवावी लागते आणि रक्तदाबावरची नजर एक क्षण हलवता येत नाही. आडगावच्या दवाखान्यात, त्यातून रात्री वीज गेलेली असताना, हे कसं जमायचं? मग त्यांचं लक्ष प्राझोसिनकडे गेलं. साधी, स्वस्त, तोंडानं घ्यायची गोळी. आणि विंचवाच्या रुग्णांत अल्फा कुलपांवरच तर सगळा मारा होत होता! १९८६ साली त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिनचे अनुभव लॅन्सेटमध्येच मांडले.

पश्चिम भारतातल्या जुन्या नोंदींप्रमाणे लाल विंचवाच्या गंभीर रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत असत. प्राझोसिन वापरात आल्यावर हा आकडा शंभरात एकाच्या आसपास आला. आमच्या चौथीत एकोणतीस मुलं आहेत. आकडे वाचताना मला आधी तेच आठवलं.

पण गणूचा प्रश्न अजून बाकीच आहे. गोळीनं विषाचं काय केलं? काही नाही! विष होतं तिथेच होतं. गोळीनं फक्त हृदय सांभाळलं, तोवर शरीरानं आपलं आपण विष निपटलं. विषावर थेट उतारा हवा, तर प्रतिविष लागतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, त्याच्या रक्तात विषाला पकडणारे पदार्थ तयार होतात, ते वेगळे काढून प्रतिविष बनवतात. आपल्याकडे हे काम मुंबईच्या हाफकिनमध्ये झालं.

आता दोन्ही मिळून दिलं तर? इथे बावस्करांनी जे केलं ते मला फार आवडलं. आपली गोळी चांगली म्हणून ते गप्प बसले नाहीत. महाडला ७० रुग्णांचे दोन गट केले, प्रत्येकी ३५. कोणाला कुठल्या गटात घालायचं हे डॉक्टरांच्या मर्जीवर नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखं. एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२! हा निकाल २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ज्या गोळीनं नाव मिळवून दिलं, ती एकटी पुरेशी वेगवान नाही, हे त्यांनी स्वतःच दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पालकांनो, हे वाचून कोणी म्हणेल, मग हृदयाच्या दुखण्यावर ही गोळी छानच! थांबा. अमेरिकेत रक्तदाबाच्या हजारो रुग्णांवर एक मोठी चाचणी चालू होती. त्यात याच घराण्यातलं डॉक्साझोसिन हे औषध घेणाऱ्यांमध्ये हृदय अशक्त होण्याचं प्रमाण दुसऱ्या एका जुन्या, साध्या गोळीच्या मानानं जवळपास दुप्पट दिसलं आणि २००० साली चाचणीचा तेवढा भाग मध्येच थांबवावा लागला. विंचवाच्या रुग्णाचं काही तासांचं वादळ वेगळं आणि वर्षानुवर्षांचा रक्तदाब वेगळा. विषाणूमुळे झालेल्या मायोकार्डायटिसवरही हा नेहमीचा उपाय नाही. शिवाय या गोळीनं रक्तदाब एकदम उतरू शकतो आणि उठून उभा राहिलेला माणूस चक्कर येऊन पडू शकतो. गणूला आडवा ठेवला होता तो म्हणूनच. तेव्हा घरात आजोबांची गोळी असली, तरी ती विंचवावर आपल्या मनानं देऊ नका.

दाह आणि अ‍ॅड्रेनलिन यांच्या नात्यावर शोध मात्र चालूच आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांना उंदरांमध्ये असं दिसलं, की दाह भडकला म्हणजे काही पांढऱ्या पेशी स्वतःच अ‍ॅड्रेनलिनच्या कुळातली द्रव्यं बनवतात आणि त्यानं दाह आणखी भडकतो. आगीत तेल! ही साखळी तोडली, की उंदीर वाचत होते. अल्फा-रोधकांनी माणसांत ती तुटेल का, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला आणि करोनाच्या साथीत त्याची बरीच चर्चा झाली. उत्तर अजून पक्कं नाही. कदाचित तुमच्यापैकीच कोणी शोधेल.

शनिवारी मी हे सगळं समजून घेतलं आणि सोमवारी वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरून एक हात वर आला. "पण बाई, माझ्या आज्याचा विंचू भगतानंच उतरवला होता." खोटं नव्हतं ते. विंचू टोचलेल्या बहुतेकांना नुसत्या वेदना होतात, आणि मंत्र म्हटला काय, नाही म्हटला काय, त्या काही तासांनी थांबतात. श्रेय मंत्राला मिळतं. पण कोणाचं पुढे गणूसारखं होणार, हे टोचल्याबरोबर ओळखता येत नाही. भगताकडे गेलेले ते दोन तास गणूला महागात पडले असते. म्हणून विंचू टोचला, की जागेवर चिरा देऊ नका, दोरी आवळून बांधू नका, मुलाला धावू-चालू देऊ नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं सरळ दवाखाना गाठा. भगताला काय द्यायचा तो नारळ मागाहून द्या, माझी हरकत नाही!

आणि हो, पेंढा काठीनं ओढा. चपला आपटून घाला. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात हल्ली पाच वाजता चपला आपटण्याचा असा काही गजर होतो, की पलीकडच्या घरची म्हातारी "फटाके कसले रे?" म्हणून विचारते.

सगळं ऐकून गणू जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाई, तुमच्या कुलपातली आगकाडी तर टाचणीनं उकरून काढावी लागली होती. मग माझ्या आतली गोळी कोणी काढली?"

बघा! याला म्हणतात प्रश्न. तर गणू, ही आगकाडी आपली आपण विरघळते. यकृत औषध मोडून टाकतं आणि काही तासांत कुलूप पुन्हा मोकळं होतं. तोवर विषाचा जोर ओसरला नसला तर? म्हणूनच त्या रात्री डॉक्टरांनी तुला झोपेतून उठवून दुसरी गोळी दिली होती. तू त्यांच्यावर चिडला होतास, आठवतंय?